कार्ड संपलं, नवं आलं नाही आणि विमान आज रात्रीचं आहे

रात्री साडेदहाला मावशीचा फोन. मुंबई विमानतळ, टर्मिनल दोन, मागे ट्रॉल्यांची खडखड. "अरे भो, ही पोर म्हणस कार्डनी तारीख गयी. मी काय करू आते?" मावशी एरवी शुद्ध बोलते. घाबरली की अहिराणीवर येते.

मी जळगावला नवी पेठेत तिकिटांचं दुकान चालवतो. मावशीचं तिकीट मीच काढलेलं. पासपोर्टची मुदत पाहिली, नावाचं स्पेलिंग तीनदा जुळवलं, बॅगेचं वजन घरी जाऊन काट्यावर करून दिलं. ग्रीन कार्डाची, म्हणजे अमेरिकेतल्या कायम रहिवासाच्या ओळखपत्राची, तारीख मात्र विचारली नाही. चूक माझीच. कार्ड जुलैत संपलेलं, विमान सप्टेंबरात. मधे सासरची कानबाई झाली, रोट झाले, पितर जेवले, आणि पाकिटातल्या त्या हिरव्या कार्डाकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

नवीन कार्डाचा अर्ज मुलाने मे महिन्यातच केला होता. पावतीही आली होती. कुठे होती? न्यू जर्सीत, स्वयंपाकघरात, फ्रिजवर चुंबकाखाली. मुलाने तिचा फोटो काढून पाठवला, तर काउंटरवरच्या मुलीने मोबाइलकडे मान वळवली नाही. "ओरिजिनल दाखवा." तिचा वरिष्ठ येईपर्यंत काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं उरली. विमान गेलं. मावशीने ट्रॉलीवर बसून डब्यातली कळण्याची भाकरी खाल्ली आणि रात्र काढली.

दुसऱ्या रात्री तीच मावशी, तेच कार्ड, तोच मोबाइलमधला फोटो, फक्त आता त्याची प्रिंट. दहा मिनिटांत बोर्डिंग पास मिळाला. मधल्या चोवीस तासांत मी एवढंच केलं होतं की काउंटरवर काय म्हणायचं ते मावशीला पाठ करून घेतलं.

हे प्रकरण दर हंगामात माझ्या दुकानात येतं. दिवाळीनंतर आणि आखाजीनंतर तर ठरलेलंच. रावेर-यावलकडची, चोपड्याची, अमळनेरची, शिरपूरची माणसं, मुलं तिकडे, आईवडील सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे. त्यामुळे एकदा सगळं नीट लिहून टाकतो.

बिघाड नेमका कुठे असतो

सोसायटीत पीककर्जाला गेलात आणि सचिव म्हणाला, "आप्पा, हा उतारा जुना आहे, ताजा आणा," तर शेत गेलं का? शेत तिथेच, केळी उभी, विहिरीत मोटर चालू. सचिवाला फक्त ताज्या तारखेचा सातबारा हवा आहे.

ग्रीन कार्डाचं असंच आहे. दहा वर्षांच्या कार्डावर जी मुदत छापलेली असते ती कार्डाची. कायम रहिवासाचा दर्जा त्या तारखेला संपत नाही. दर्जा जातो तो दुसऱ्या वाटांनी: तुम्ही लेखी सोडलात, इमिग्रेशन न्यायाधीशाने काढून घेतला, किंवा इतकी वर्षं बाहेर राहिलात की तिकडचं घर मोडलं असं धरलं गेलं. (नागरिक झालात तर तो प्रश्नच उरत नाही.)

पण हे कायद्याचं बोलणं काउंटरवर चालत नाही. समोरच्या पोराला दर्जा दिसत नाही, तारीख दिसते. आणि त्याचंही खोटं नाही. कागद नसलेला प्रवासी अमेरिकेत नेला तर विमान कंपनीला दंड बसतो, आणि तो आपल्या नावावर नको म्हणून पोरगं घाबरतं. म्हणून 'मी कायम रहिवासी आहे की नाही' यावर वाद घालत बसू नका. समोर जो बसलाय त्याला कुठला कागद वाचता येतो, तेवढं शोधा. विमानवाल्याला एक कळतो, लायसन्सच्या ऑफिसला दुसरा, आपल्या इथल्या बँकेला तिसरा.

आधी कार्ड हातात घ्या

फोनवर कोणी "आमचं कार्ड संपलं" म्हटलं की मी पहिलं विचारतो, कार्ड हातात आहे का? पुष्कळदा नसतं. "मुलाकडे आहे", "लॉकरमध्ये आहे", "नवं येणार म्हणून जुनं कापून टाकलं". हे शेवटचं ऐकलं की मी पाणी पितो. मुदत संपलेलं कार्ड कापायचं नाही, फेकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

दुसरा प्रश्न, कार्ड दहा वर्षांचं की दोन वर्षांचं? दोन वर्षांचं म्हणजे सशर्त, बहुतेक नवीन लग्न करून गेलेल्या मुलामुलींचं. त्यावर प्रवर्गाच्या जागी 'सीआर१' किंवा 'सीआर६' असं काहीतरी असतं. आईवडिलांच्या कार्डावर बहुधा 'आयआर५' किंवा 'आयआर०' असतं आणि ते दहा वर्षांचं. हा फरक जिवाचा आहे. दोन वर्षांच्या कार्डाच्या नूतनीकरणाला आय-९० हा नेहमीचा अर्ज चालतच नाही. तिथे आय-७५१, म्हणजे शर्त काढायचा अर्ज, लागतो, तोही मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत. तो केला नाही तर नुसतं कार्ड नाही, दर्जाच धोक्यात येतो. वर मी शेताचं उदाहरण दिलं ते अशा कार्डाला लागू नाही.

तिसरं, अमेरिकेतून निघाल्याला किती दिवस झाले? ते पुढे कामी येईल. तारीख काढून ठेवा.

पावती: सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित कागद

दहा वर्षांच्या कार्डाचा अर्ज म्हणजे आय-९०. मुदत संपायच्या आधी सहा महिने करता येतो. १ एप्रिल २०२४पासूनच्या दरपत्रकात ऑनलाइन ४१५ डॉलर आणि कागदी ४६५ डॉलर फी होती. भरताना चालू दर पाहूनच भरा. अर्ज पोचला की आय-७९७ नावाची पावती येते. लोकांना वाटतं ही नुसती पोचपावती, आपल्या सेतूत दाखल्याला अर्ज केल्यावर मिळते तशी. तसं नाही. या पावतीत एक परिच्छेद असतो, त्यात लिहिलेलं असतं की हिच्यासोबत कार्ड दाखवलं तर कार्डाची मुदत इतके महिने वाढलेली धरावी.

किती महिने, यात फार घोळ होतो, कारण हा आकडा बदलत आला. पूर्वी १२ महिने होते. २६ सप्टेंबर २०२२पासून २४ झाले. १० सप्टेंबर २०२४पासून ३६. ज्यांचा अर्ज त्या दिवशी आधीच पडून होता त्यांना अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, म्हणजे यूएससीआयएसने, सुधारित पावत्या छापून पाठवायला घेतल्या. म्हणजे तुमच्याकडे जुनी २४ महिन्यांची पावती असेल आणि अर्ज अजून लटकलेला असेल, तर घरी दुसरं पाकीट येऊन पडलंय का ते आधी पाहा. आय-७५१ला हाच आकडा ४८ महिने आहे, २५ जानेवारी २०२३पासून.

मोजायचं कुठून? कार्डावर छापलेल्या मुदतीपासून. पावतीच्या तारखेपासून नाही. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की भिंतीवर लिहून ठेवलंय. कार्ड १४ जुलै २०२५ला संपलं आणि पावती १९ मेची असली, तरी ३६ महिने १४ जुलैपासून धरायचे, म्हणजे १४ जुलै २०२८पर्यंत. एकदा एका काकांनी पावतीच्या तारखेपासून मोजून तिकीट दोन महिने अलीकडे ओढलं, दंड भरला, आणि नातवाची मुंज चुकली.

पावती एकटी चालत नाही, कार्ड एकटं अर्धवट चालतं. दोन्ही मिळून पूर्ण. म्हणून दोन्ही एकाच पारदर्शक पाकिटात, आणि ते पाकीट हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत नाही. मोठ्या बॅगेत बिबडे, मेतकूट आणि लोणच्याच्या बरण्या असतात, आणि दहा मिनिटांत त्या उपसणं काय असतं ते मी टर्मिनलच्या फरशीवर पाहिलंय.

मूळ पावती अमेरिकेत राहिली असेल तर? ऑनलाइन अर्ज केला असेल तर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या लॉगिनमध्ये पावतीची पीडीएफ असते. मुलाला ती उतरवून पाठवायला सांगा आणि रंगीत प्रिंट काढा. मोबाइलमधला तिरपा फोटो, त्यात फ्रिजचं हँडल, हे कुणी मान्य करेल अशी आशा धरू नका. वेळ असेल तर मूळ कागद येणाऱ्या माणसासोबत किंवा कुरिअरने मागवा. मूळ हाताशी असलेलं केव्हाही बरं. आणि मूळ पावतीवर पिवळ्या पेनाने रेघा मारू नका, परिच्छेदावर खूण करायची तर झेरॉक्सवर करा.

अजून एक फट. अर्जानंतर बोटांच्या ठशांसाठी बोलावणं येऊ शकतं. काहींचे जुनेच ठसे वापरतात, काहींना बोलावतात. ते पत्र न्यू जर्सीला गेलं आणि तुम्ही पारोळ्याला बसलात, तारीख हुकली, पुढेही ढकलली नाही, तर अर्ज सोडून दिला असं समजून तो नाकारला जाऊ शकतो. म्हणून तिकडे जो कोणी टपाल उघडतो त्याला सांगून ठेवा, खात्याचं पाकीट आलं की त्याच दिवशी फोटो. पत्ता बदलला असेल तर १० दिवसांत कळवायचा असतो. तो न कळवल्यामुळे कितीतरी कार्डं छापून तयार होऊन परत गेली आहेत.

विमानाच्या काउंटरवर काय बोलायचं

मावशीला पाठ करून घेतलेलं ते हे. आवाज चढवायचा नाही. कार्ड आणि पावती शेजारी शेजारी ठेवायची. "कार्डाची तारीख गेली आहे, पण या परिच्छेदात मुदत वाढवलेली आहे" एवढं म्हणून बोट ठेवायचं. समोरचा टायमॅटिक उघडतो, विमान कंपन्या कागदपत्रांचे नियम ज्यावर पाहतात ती प्रणाली. त्यात चुकीचा पर्याय निवडला की 'कार्डाची मुदत संपली' एवढंच दिसतं आणि तो नाही म्हणतो.

तेव्हा शांतपणे वरिष्ठाला बोलवायला सांगा आणि दोन गोष्टी सुचवा. एक, अमेरिकेच्या सीमा खात्याने, म्हणजे सीबीपीने, विमान कंपन्यांसाठी एक मार्गदर्शिका काढलेली आहे, त्यात मुदत संपलेल्या कार्डांबद्दल वेगळं लिहिलेलं आहे, ते पाहा. दोन, सीबीपीचे संपर्क गट आहेत ज्यांना कंपनीचा माणूस फोन करून विचारू शकतो, तर कृपा करून विचारा. हा फोन प्रवाशाने करायचा नसतो, कंपनीच्या माणसाने करायचा असतो. पहिल्या रात्री कुणी तो केला नाही. दुसऱ्या रात्री मावशीने या गटाचं नाव घेतलं आणि वरिष्ठ म्हणाला, "हो आजी, माहीत आहे." माहीत होतं तर आदल्या रात्रीच्या पाळीला का नव्हतं, हा प्रश्न मी गिळला.

वेळ हाताशी ठेवा. चार तास आधी पोचा, काउंटर उघडायच्या आधी रांगेत. जळगावहून रस्त्याने जाणार असाल तर कसाऱ्याच्या घाटात अडकायचा हिशोब धरूनच निघा.

मार्गाची निवडही आधीच विचारात घ्या. मुदत संपलेल्या कार्डाची खरी पंचाईत कधी कधी अमेरिकेत नाही, मधल्या देशात होते. युरोपातल्या काही विमानतळांवर भारतीय पासपोर्टवाल्यांना नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसाचे नियम लागतात आणि सूट मिळते ती वैध अमेरिकी कार्डावर. प्रत्येक देश 'वैध' कशाला म्हणतो ते वेगळं. म्हणून अशा प्रवाशाला मी थेट विमानाचं तिकीट देतो, हजार-दोन हजार जास्त पडले तरी. दुबईत दोन दिवस फिरून जाऊ म्हणणाऱ्यांनाही आधीच सांगतो: ग्रीन कार्डावर भारतीयांना तिथे उतरल्यावर मिळणारा व्हिसा किमान सहा महिने मुदत उरलेल्या कार्डावर आहे, संपलेल्यावर नाही. अबू धाबीहून जाणाऱ्यांना अमेरिकेचा अधिकारी तिथेच, विमानात चढण्याआधी भेटतो. काहींना ते बरं वाटतं. प्रश्न विचारलेच तर न्यूअर्कला उतरून थकल्या अंगाने देण्यापेक्षा अबू धाबीत दिलेले परवडले.

तिकडे उतरल्यावर अधिकारी संगणकात तुमची नोंद पाहतो. तिथे कार्डाच्या तारखेपेक्षा तुम्ही किती दिवस बाहेर होता याला जास्त महत्त्व आहे. बाजूच्या खोलीत बसवलं तर घाबरू नका, पण एक लक्षात ठेवा. आय-४०७ नावाच्या फॉर्मवर सही म्हणजे कायम रहिवास आपणहून सोडणं. ती सही ऐच्छिक असते. काय लिहिलंय ते कळल्याशिवाय, मुलाशी किंवा वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका. न केल्यास प्रकरण न्यायाधीशापुढे मांडायचा हक्क राहतो. आमच्याकडची म्हातारी माणसं साहेबाने कागद पुढे केला की अंगठ्यापर्यंत तयार असतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

पासपोर्टमधला शिक्का

पावती नाही, किंवा कार्डच हरवलंय, किंवा पावतीची मुदतही संपत आली आणि नवं कार्ड येत नाही, अशा वेळी अमेरिकेत असताना शिक्का घ्यायचा. त्याला एडीआयटी शिक्का म्हणतात, कुणी आय-५५१ शिक्काही म्हणतं. आय-५५१ म्हणजे ग्रीन कार्डाचाच फॉर्म क्रमांक. हा शिक्का पासपोर्टात मारतात, आणि तो तात्पुरतं ग्रीन कार्डच असतो, बहुधा एक वर्षापर्यंतचा. २०२३च्या मार्चपासून काहींना कार्यालयात न बोलावता फोटो लावलेल्या आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) फॉर्मवर शिक्का मारून टपालाने पाठवायलाही सुरुवात झाली.

मागायचा कसा? यूएससीआयएसच्या मदत क्रमांकावर फोन करून. पहिल्यांदा यंत्र बोलतं, त्याच्याशी इंग्रजीत भांडण होतं, मग माणूस येतो, तो नोंद घेतो आणि वरचा अधिकारी नंतर फोन करतो. त्या फोनची वाट पाहताना अनोळखी नंबर म्हणून कापू नका. का हवा हे नेमकं सांगा: अमुक तारखेचं तिकीट आहे, अमुक ठिकाणी नोकरीचे कागद द्यायचे आहेत. "असावा म्हणून" असं म्हटलं की मागे पडतो.

हा शिक्का जळगावात बसून मिळत नाही. आय-९०सुद्धा तिकडे असतानाच करण्याची गोष्ट आहे. त्यामुळे घरातून निघण्याआधी, बॅगा भरण्याच्याही आधी, कार्ड पाहायला हवं. शिक्का जुन्या पासपोर्टात असेल आणि मधे नवा पासपोर्ट झाला असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत.

नुकतेच पहिल्यांदा जाऊन आलेल्यांसाठी आणखी एक. इमिग्रंट व्हिसावर आत गेलात, शिक्का बसला आणि प्लास्टिकचं कार्ड यायच्या आत इथे परत आलात, तर तो शिक्का बसलेला व्हिसाच एक वर्षापर्यंत तात्पुरतं कार्ड म्हणून चालतो. व्हिसावर बारीक अक्षरांत तसं छापलेलंही असतं. भिंग घेऊन वाचा आणि काउंटरवर तिथेच बोट ठेवा.

खान्देशातच अडकलात आणि हातात पावती नाही

इथे तीन-चार वेगळे आजार आहेत आणि लोक सगळ्यांना एकच गोळी मागतात.

कार्ड दहा वर्षांचं, हातात आहे, मुदत संपली, अर्ज केलेलाच नाही. यावर सीबीपीची भूमिका अशी की दहा वर्षांचं संपलेलं कार्ड असलेल्या कायम रहिवाशाला कंपनी विमानात घेऊ शकते. वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेत हेच आहे. म्हणजे अशा माणसाने आधी महागडी कागदपत्रं करायला धावू नये. कंपनीच्या कार्यालयाशी आठवडाभर आधी बोलावं, उत्तर ई-मेलवर घ्यावं, त्याची प्रिंट सोबत ठेवावी, आणि तिकडे पोचल्या पोचल्या आय-९० करावा. खरं सांगायचं तर मावशी पहिल्याच रात्री पावतीशिवायसुद्धा जाऊ शकली असती.

कार्ड हरवलं किंवा चोरीला गेलं. जळगाव ते भुसावळ पॅसेंजरमध्ये पाकीट मारलं गेलेले एक जण माझ्याकडे आले होते. आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत. मग आय-१३१ए हा अर्ज. फी आधी ऑनलाइन भरायची, ५७५ डॉलर होती, आणि त्यानंतर अमेरिकी दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात स्वतः जायचं. आपल्याला जवळचं म्हणजे मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुल. पासपोर्ट, फोटो, कायम रहिवासी असल्याचा जो काही पुरावा असेल तो (कार्डाची झेरॉक्स असली तर सोनं), अमेरिकेतून कधी निघालात त्याचा पुरावा. मंजूर झालं की पासपोर्टात एक चिकटपत्र लावतात, ते बहुधा ३० दिवसांच्या आत वापरायचं. त्यामुळे ते मिळायच्या आधी परत न होणारं तिकीट काढू नका. मी दुकानदार असून सांगतोय.

कार्ड दोन वर्षांचं, संपलेलं, आणि आय-७५१ची पावती आहे. पावती आणि कार्ड मिळून चालेल. पावती नाही, अर्जच नाही, तर माझ्या दुकानाचं काम नाही, वकिलाचं आहे.

आणि चौथा, बाहेर राहून एक वर्ष उलटलेला. यात कार्डाची तारीख पुढे असली तरी ते प्रवासाला पुरत नाही. आधीच री-एन्ट्री परमिट (परत येण्याचा परवाना) काढून आला असाल तर दोन वर्षांपर्यंत चालतं, पण त्याचा अर्ज तिकडे असतानाच करावा लागतो. नसेल तर परतणाऱ्या रहिवाशाचा एसबी-१ व्हिसा, आणि इतका काळ का राहावं लागलं, परतणं का हाताबाहेरचं होतं, याचे पुरावे. ऑपरेशन, दवाखान्याची कागदपत्रं, असं काहीतरी. "शेताची वाटणी चालू होती" हे कारण मी ऐकलंय, आणि ते पुरलं नाही. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेल्यांकडेही उतरताना नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखं पाहिलं जातं. म्हणून सहा महिन्यांच्या आत परत जाणं बरं.

बाकीचे टेबल

तिकडे नोकरीवर असलेल्यांना दर वेळी धसका बसतो. मालकाने एकदा तुमचं वैध कार्ड पाहून आय-९ फॉर्म (काम करायची परवानगी तपासल्याचा) भरलेला असेल तर पुढे कार्डाची मुदत संपली म्हणून तो पुन्हा कागद मागू शकत नाही. नवी नोकरी असेल तर कोणते कागद द्यायचे हे तुम्ही ठरवायचं. ड्रायव्हिंग लायसन्स आणि बंधन न छापलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड ही जोडीही चालते. ग्रीन कार्डच हवं असा हट्ट त्यांना करता येत नाही.

लायसन्सच्या ऑफिसात कारकून तुमचा ए-क्रमांक (इमिग्रेशन खात्यातला नोंदणी क्रमांक) 'सेव्ह' नावाच्या प्रणालीत टाकून पडताळतो. कधी लगेच उत्तर येतं, कधी दुसऱ्या टप्प्यात जाऊन दिवस लागतात. केसचं काय झालं ते तुम्हालाही सेव्हच्या संकेतस्थळावर पाहता येतं. तिथे कार्ड, पावती आणि पत्त्याचे पुरावे एकदमच न्या.

ज्यांनी नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-४००, केलेला आहे त्यांना आय-९०ची फी पुन्हा भरायची गरज बहुतेकदा पडत नाही. १२ डिसेंबर २०२२पासून एन-४००च्या पावतीनेच कार्डाची मुदत २४ महिने वाढते. नातवंडांचं एक कुणाच्याच लक्षात राहत नाही: मूल १४ वर्षांचं झालं की ३० दिवसांत त्याचा आय-९० करावा लागतो, कार्डाची मुदत पुढे असली तरी.

आणि आता आपली बँक. एनआरओ खात्याचं (परदेशात राहणाऱ्यांचं इथलं रुपयातलं खातं) केवायसी आलं की इथली शाखा 'परदेशात राहण्याचा वैध पुरावा' मागते. संपलेलं कार्ड पाहून टेबलावरचा मुलगा फाइल परत सरकवतो. त्याला इंग्रजी पावतीतला परिच्छेद वाचायला सांगू नका. एका बाजूला कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, खाली पावतीतला तोच परिच्छेद, बाजूला हाताने लिहिलेलं 'मुदत १४ जुलै २०२८पर्यंत वाढलेली', त्याखाली सही. असं एका पानावर करून दिलं तर फाइल पुढे सरकते. मूळ पावती सोबत दाखवा, पण ठेवून देऊ नका. एका शाखेने ठेवून घेतली होती. ती सापडायला तीन आठवडे आणि दोन मॅनेजर लागले.

एजंटांबद्दल दोन शब्द. 'शिक्का करून देतो', 'कार्ड लवकर काढून देतो' म्हणणारे भेटतील. शिक्का कुणी करून देत नाही, रांग कुणी पुढे सरकवत नाही. लॉगिन आणि पासवर्ड कुणालाही देऊ नका, मलाही नको.

आता माझ्या दुकानात अमेरिकेचं तिकीट मागितलं की मी पैशांआधी कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागतो. मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिन्यांच्या आत संपत असेल तर वहीत लाल पेनाने गोल करतो आणि मुलाला तिकडे फोन लावतो, आई तिथून निघायच्या आत अर्ज करा, पावती आईच्या हातात द्या.

मावशी यंदा आखाजीला आली तेव्हा नवं कार्ड मिळालेलं होतं. तरी पर्समधून तिने तेच पारदर्शक पाकीट काढलं. आत जुनं कार्ड, नवं कार्ड, पावती, पावतीच्या तीन झेरॉक्स. म्हटलं मावशी, आता पावती कशाला? म्हणे, "राहू दे रे. त्या पोरीनी ड्यूटी परत लागनी त?"